आणखी एक ‘व्हर्च्युअल माउस’ नको, आहे तो दुरुस्त करा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संगणक विभागप्रमुख, प्रकल्प मार्गदर्शक आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी

विषय: लिनक्सवर डोक्याच्या हालचालीनं चालणाऱ्या माउसच्या दुरुस्तीबाबत

सर, मॅडम आणि मित्रांनो,

तुमच्याकडं प्रोजेक्टच्या विषयांची यादी लागली की तिच्यात एक विषय हमखास असतो. कधी ‘आय कंट्रोल्ड माउस’, कधी ‘व्हर्च्युअल माउस युजिंग हँड जेश्चर’, कधी ‘हँड्सफ्री कॉम्प्युटर फॉर डिसेबल्ड’. तीन-चार जणांचा ग्रुप, पायथन भाषा, कॅमेऱ्यातलं चित्र ओळखणारं ओपनसीव्ही, अलीकडं त्याच कामाचं मीडियापाइप. प्रस्तावनेत आमच्यासारख्या दिव्यांगांवर दोन परिच्छेद, शेवटी ‘दिव्यांगांसाठी अत्यंत उपयुक्त’ असं एक वाक्य, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग, व्हायवा. मग तो कोड कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये पडून राहतो. पुढच्या वर्षी नवा ग्रुप, तोच विषय, पुन्हा पहिल्या ओळीपासून.

ज्यांच्या नावानं हे सगळं चालतं त्यांच्यापैकी मी एक. यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात राहतो. अपघातानंतर हातापायांत जीव राहिला नाही. मान मात्र शाबूत आहे आणि संगणक मी मानेवरच चालवतो. घरच्या केळीचा हिशोब, व्यापाऱ्यांच्या पट्ट्या जुळवणं, गावातल्या लोकांचे पीक विम्याचे आणि फार्मर आयडीचे फॉर्म भरणं, ही माझी रोजची कामं. हे पत्रही तसंच लिहितोय. म्हणून आडवळणं न घेता सांगतो: नवा माउस बनवू नका. लोक रोज वापरतात असा एक माउस आधीच बनलेला आहे आणि लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीवर, तो आता बंद पडायच्या बेतात आहे. तो दुरुस्त करा, आणि गाइड सर, त्या दुरुस्तीला मार्क द्या.

मध्यंतरी एका कॉलेजची मुलं आपला प्रोजेक्ट दाखवायला घरी आली होती. पोरं गुणी, बोलायला चांगली. लॅपटॉप पलंगाच्या टेबलावर ठेवला, माझा चेहरा चौकटीत आला, बाण हलायला लागला. डोळा मिटला की क्लिक. आता माणूस बोलता बोलता पापण्या मिटतोच. मी त्यांच्याशी बोलत होतो तेवढ्यात व्हॉट्सॲपवर मामांना व्हिडिओ कॉल लागला. मामा शेतात होते, त्यांनी उचललाही. ते सोडा. पुढं बाण कडेला अडकला म्हणून मी सवयीनं मान वर-डावीकडं ओढली आणि प्रोग्रॅम बंदच पडला. परत चालू केला, परत तेच. मुलं गोंधळली, कारण त्यांच्या लॅबमध्ये हे कधी झालं नव्हतं.

गडबड कुठं होती ते तुमच्यापैकी ज्यांनी प्रोग्रॅममधून माउस चालवणारी पायऑटोजीयूआय ही पायथनची लायब्ररी वापरलीय त्यांना कळलं असेल. त्या लायब्ररीत एक सुरक्षेची सोय आहे: बाण स्क्रीनच्या कोपऱ्यात गेला की प्रोग्रॅम तिथंच थांबतो. ऑटोमेशन करणाऱ्याच्या हातातून माउस निसटला तर सुटका व्हावी म्हणून ती केलेली. पण डोक्यानं बाण चालवणारा माणूस दिवसभर कोपऱ्याकडंच जातो. मान सरळ असताना बाण स्क्रीनच्या मध्यावर राहिला पाहिजे, आणि हलता हलता तो मेळ बिघडतो. मग बाण कडेला टेकवायचा, मान आणखी थोडी ओढायची आणि परत यायचं, की मेळ बसला. ही आमची रोजची क्रिया. त्या प्रोग्रॅमला तीच ‘थांब’ वाटायची. शिवाय त्याच लायब्ररीत प्रत्येक हुकमानंतर सेकंदाचा दहावा भाग थांबायची मूळ सेटिंग आहे, म्हणून बाण ठेचा खात चालायचा. दोन्ही गोष्टी एकेका ओळीनं बदलता येतात. पण त्या दिसायला वापरणारा माणूस समोर लागतो, आणि तो व्हायवाच्या टेबलावर नसतो.

आता जे चालतं त्याबद्दल. ‘ई-व्हायकॅम’ नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्पेनमधल्या सेझर मावरी या प्रोग्रॅमरनं केलेलं. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांच्या भांडारात ते आहे. साधा वेबकॅम पुरतो. कपाळावर टिकली नको, खास चष्मा नको. चेहरा सापडला की त्याची हालचाल मोजायची आणि तेवढा बाण सरकवायचा, एवढंच त्याचं काम. नजर कुठं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. साध्या वेबकॅमवर नजर मोजणं फार चुकतं, मानेची हालचाल पुष्कळ अचूक मिळते. बाण एका जागी ठरलेला वेळ थांबला की क्लिक होतो. उजवा क्लिक, डबल क्लिक, ओढून नेणं, यासाठी बटणांची एक छोटी पट्टी असते; तिच्यावर आधी थांबायचं, मग हवं तिथं.

यात मराठी टाइप करणं कसं असतं ते एकदा बघा. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी कळांची ठरलेली मांडणी. ‘शिक्षण’ लिहायचं तर ‘क्ष’साठी आधी क, मग हलन्त, मग शिफ्ट, मग ष. चार ठिकाणी मान नेऊन चार वेळा थांबायचं, तेव्हा एक अक्षर. बाण किंचित थरथरला आणि शेजारच्या कळीवर गेला तर मागं जाऊन खोडायचं, ते वेगळं. थांबायचा वेळ कमी ठेवला तर नको तिथं क्लिक होतात, जास्त ठेवला तर संध्याकाळपर्यंत मान भरून येते. माझा वेळ मी सकाळी कमी ठेवतो, दुपारनंतर वाढवतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्याला आणखी वेगळी सेटिंग लागते, कारण त्याची मान त्याच्या मनाविरुद्धही हलते. अशा बारकाव्यांचे आकडे ई-व्हायकॅममध्ये बदलता येतात, आणि ते वर्षानुवर्षं वापर झाल्यावर तिथं आलेत. तुमच्या ग्रुपला आठ महिन्यांत ते सुचणार नाही. सुचावं अशी अपेक्षाही नाही.

मग मोडलंय काय?

लिनक्सवर खिडक्या आणि माउस सांभाळायचं काम वर्षानुवर्षं एक्स११ करत आलं. त्यात कुठलाही प्रोग्रॅम ‘माउस इथं हलला, इथं क्लिक झाला’ असं खोटंच सांगू शकतो आणि सगळे त्यावर विश्वास ठेवतात. ई-व्हायकॅम याच जोरावर चालतं. पण त्याच मोकळेपणामुळं कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत टाइप होणारा पासवर्डही वाचू शकतो. म्हणून त्याच्या जागी वेलँड आलं, आणि वेलँडनं ही मोकळीक काढून घेतली. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या खिडकीत क्लिक पाठवायचा नाही. बाण नेमका कुठं आहे हेही विचारायचं नाही. चोरासाठी लावलेल्या कुलपानं घरचाच माणूस बाहेर राहिला. कुलूप चूक आहे असं मी म्हणत नाही. बँकेचे व्यवहार मीही याच संगणकावर करतो.

फेडोरा या लिनक्सच्या आवृत्तीनं २०१६ मध्ये वेलँड मूळ पर्याय केला, उबंटूनं २०२१ मध्ये. इतकी वर्षं पळवाट होती: लॉगिनच्या वेळी एक्स११ निवडायचं, किंवा कॉन्फिग फाइलमधली एक ओळ बदलून वेलँड बंद करायचं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती ओळ बदललीही असेल, कारण पायऑटोजीयूआयसुद्धा वेलँडवर अडकतं. आता ती पळवाट बुजते आहे. पडद्यावरची मांडणी सांभाळणाऱ्या ग्नोम या डेस्कटॉपच्या सप्टेंबर २०२५ मधल्या ४९ व्या आवृत्तीत एक्स११ चं सत्र मुळातच बंद ठेवलंय, ऑक्टोबरच्या उबंटू २५.१० मधून ते काढलंय, आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनीही प्लाझ्मा ६.८ या आवृत्तीपासून काढणार असल्याचं जाहीर केलंय. मी लिनक्स मिंटवर आहे. तिथं अजून एक्स११ च मूळ पर्याय आहे, म्हणून तुम्हाला हे पत्र मिळतंय. मिंटवालेही वेलँडच्या वाटेला लागलेत.

आणि ही वेळ अशी, की लिनक्सकडं येणारे वाढणार आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. आपल्याकडं दिव्यांग माणसाच्या वाट्याला येणारा संगणक म्हणजे पुतण्याचा किंवा पतसंस्थेनं काढून टाकलेला. विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर आणि टीपीएम ही सुरक्षेची चिप त्यात कुठला असायला? नवीन घ्यायचे पैसे फिजिओथेरपीत जातात. राहिलं लिनक्स.

आता तुमच्या कामाचं बोलू. वेलँडवर मार्ग आहेत, आणि ते शेवटच्या वर्षाच्या मुलांना जमणारे आहेत.

पहिला मार्ग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा. त्यातली यूइनपुट ही सोय वापरून प्रोग्रॅम एक आभासी माउस उभा करू शकतो. वरच्या थराला तो यूएसबीला खोचलेल्या खऱ्या माउससारखाच दिसतो, मग एक्स११ असो की वेलँड. अडचण परवानगीची, कारण तिथं लिहायचा हक्क मुळात रूटलाच, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्यालाच, असतो. त्यासाठी उपकरणांच्या परवानग्या ठरवणारा युडेव्ह नियम नीट लिहून तो पॅकेजबरोबर द्यायला हवा, ‘सगळं रूटनं चालवा’ असा सल्ला नको. आणि एक फसगत इथं ठरलेली: हा आभासी माउस, माउसची हालचाल डेस्कटॉपपर्यंत नेणाऱ्या लिबइनपुटमधून जातो आणि लिबइनपुट त्यावर आपलं ॲक्सिलरेशन, म्हणजे वेगानुसार बाण कमीजास्त पळवणं, चढवतं. ई-व्हायकॅमचं स्वतःचं ॲक्सिलरेशन आहेच. दोन्ही एकावर एक चढली की बाण हळू चालताना चिकटतो आणि जोरात चालताना उडतो. या उपकरणापुरतं लिबइनपुटचं प्रोफाइल सपाट ठेवायला हवं. दिसायला किरकोळ गोष्ट, पण हिच्यावाचून माणूस पाच मिनिटांत वैतागून सोडून देईल.

दुसरा मार्ग पोर्टलचा. वेलँडवर दुसऱ्या संगणकावरून स्क्रीन चालवण्यासाठी रिमोट डेस्कटॉप पोर्टल, म्हणजे परवानगी विचारून आत सोडणारं दार, आहे; त्यातून लिबईआय ही लायब्ररी वापरून हालचाल पाठवता येते. हा रीतसर रस्ता. पण तो आधी पडद्यावर विचारतो: या प्रोग्रॅमला माउस चालवू द्यायचा का? खाली ‘परवानगी द्या’चं बटण. आता मला सांगा, ते बटण मी कशानं दाबू? बाण चालू व्हायला परवानगी हवी, आणि परवानगी द्यायला बाण. दर लॉगिनला आईला हाक मारून ते दाबून घ्यायचं, तर हँड्सफ्री कशाला म्हणायचं? यावर सोय आहे. पोर्टलमध्ये परवानगी कायम ठेवायची मागणी करता येते आणि मिळालेलं टोकन, म्हणजे परवानगीची खूण, पुढच्या वेळी परत देता येतं. कुणीतरी तेवढा कोड लिहायला पाहिजे, आणि टोकन रद्द झालं तर काय करायचं तेही ठरवायला पाहिजे.

क्लिकचं ओझं डोक्यावर घेऊ नका. ग्नोममध्ये हॉवर क्लिक, म्हणजे बाण थांबला की होणारा क्लिक, आहे, वेलँडवरही चालतो, आणि वरच्या पट्टीतून डबल किंवा उजवा क्लिक निवडता येतो. बाण कुठं आहे हे डेस्कटॉपला माहीत असतं, तुमच्या प्रोग्रॅमला नाही. तेव्हा तुम्ही फक्त हालचाल पाठवा आणि थांबण्याचा हिशोब डेस्कटॉपवर सोडा. निम्मं काम वाचलं.

लॉगिनच्या पडद्याचं मात्र कुणी बोलत नाही. माणूस आत गेल्यावर ई-व्हायकॅम चालू होतं, पण आत जायला पासवर्ड लागतो. म्हणून आमच्यातले बहुतेक जण ऑटो-लॉगिन लावतात, म्हणजे संगणक सताड उघडा. यूइनपुटच्या मार्गानं ही सेवा लॉगिनच्या आधीच सुरू करता येईल. एवढ्या एका गोष्टीवरही एका ग्रुपचा आख्खा प्रोजेक्ट होतो.

आणि कॅमेरा. तुमच्या लॅबमध्ये एसी आहे, उजेड एकसारखा आहे. आमच्याकडं मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढं पारा जातो, खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या, घरात अंधार. अंधारात वेबकॅम एक्सपोजर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड घ्यायचा वेळ, वाढवतो आणि सेकंदाला तीसच्या जागी पंधरा किंवा त्याहून कमी चित्रं देतो. बाण मागं मागं राहतो. हे वागणं ड्रायव्हरच्या सेटिंगमधून बंद करता येतं. ट्यूबलाइट लावली तर चित्रात पट्टे फिरतात, कारण कॅमेऱ्याची फ्लिकर सेटिंग पुष्कळदा ६० हर्ट्झवर असते आणि आपली वीज ५० ची. व्ही४एल२ या लिनक्समधल्या कॅमेऱ्याच्या यंत्रणेची एक आज्ञा, काम झालं. पण ती आज्ञा टर्मिनलमध्ये कोण देणार? सॉफ्टवेअरनं सुरुवातीलाच हे तपासून स्वतः लावलं तर रावेरच्या आणि शहाद्याच्या घरातही तेच सॉफ्टवेअर नीट चालेल.

विभागप्रमुख सरांना आणि मॅडमना दोन शब्द वेगळे. मला माहीत आहे, मूल्यमापनाच्या कागदावर ‘नावीन्य’ असा एक रकाना असतो आणि दुसऱ्याच्या कोडमधली दुरुस्ती त्यात बसत नाही असं समजलं जातं. पण अमेरिकेतल्या वेस्टर्न न्यू इंग्लंड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ग्नोमच्या माउसट्रॅप या अशाच हेड-ट्रॅकिंग माउसवर शिक्षणाचा भाग म्हणून काम केलेलं आहे. आपलं विद्यापीठ जळगावचं असो की लोणेऱ्याचं, ‘अस्तित्वातल्या मुक्त सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती’ हा विषय मंजूर करायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. उलट तुमची एक डोकेदुखी कमी होईल. चार जणांच्या ग्रुपमध्ये कोड एकटा लिहितो आणि बाकीचे तिघं पीपीटी करतात, हे तुम्हीही जाणता. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटवर कुणी कुठली ओळ कधी लिहिली हे नावानिशी दिसतं. आणि बाहेरच्या अनुभवी प्रोग्रॅमरनं तपासून स्वीकारलेला बदल नोकरीच्या मुलाखतीत दाखवता येतो. सोनेरी बाइंडिंग कुणी उघडून बघत नाही.

मोजमापाचंही एक सांगतो. प्रत्येक अहवालात ‘अचूकता ९५ टक्के’ असतं. कशाची, कुणावर, काही नाही. माउससाठी मोजण्याची पद्धत ठरलेली आहे: लक्ष्य किती लांब आणि किती लहान, यावरून तिथं पोचायला लागणारा वेळ सांगणारा फिट्सचा १९५४ चा नियम, आणि त्यावर बेतलेली आयएसओ ९२४१-४११ मधली चाचणी. ती लावा. तुमच्यावर लावा, आणि माझ्यावरही लावा. परीक्षकांनाही बघायला एक सूत्र मिळेल.

कायद्याची पोथी उघडत नाही, तरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञान सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला ई-केवायसीत पापण्या मिटून दाखवायच्या अटीवरून उभा राहिला होता. ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून वेबकॅम मिळू शकतो, चालणारं सॉफ्टवेअर मिळत नाही. ते कुणीतरी लिहावं लागतं, आणि ते लिहू शकणारी शेकडो मुलं बांभोरीपासून शिरपूरपर्यंत दर वर्षी बाहेर पडतात.

तर मागणी एवढी. येत्या सत्राची विषयांची यादी लागण्याआधी त्यात हा एक विषय घाला. एका कॉलेजनं यूइनपुट घ्यावं, दुसऱ्यानं पोर्टल, तिसऱ्यानं कॅमेऱ्याच्या सेटिंग आणि मराठी मेनू. वाटणी आपसात ठरवा. पहिल्या आठवड्यात नवं काही लिहू नका: नव्या उबंटूवर ई-व्हायकॅम चालवा, काय काय अडतं त्याची नोंद करा, आणि ती मूळ प्रकल्पाकडं सविस्तर कळवा. मूळ लेखकाला विचारल्याशिवाय वेगळी शाखा, म्हणजे आपली स्वतंत्र प्रत, काढू नका. परवाना जीपीएल, म्हणजे कोड बदलून वाटायची मुभा देणारा, असल्यानं ती काढता येते, पण मग ती सांभाळावीही लागते. तुमची बॅच गेल्यावर खालच्या वर्षाची दोन मुलं त्यात तयार असली पाहिजेत, नाहीतर परत पेनड्राइव्हच.

चाचणीसाठी मी आहे, आणि आमच्या ओळखीतले आणखीही काही जण आहेत. येताना फोन करून या, दुपारी एक ते चार सोडून. तेव्हा मला आडवं व्हावं लागतं. हिवाळ्यात आलात तर बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकर आहे. लॅपटॉपवर वेलँड चालू ठेवूनच या. आणि डोळा मिटून क्लिक करणारं काही आणणार असाल भो, तर आधी मामांचा नंबर फोनमधून काढून ठेवतो.

आपला,
मान हलवून लिहिणारा एक वापरकर्ता
ता. यावल, जि. जळगाव